रायफलचा धक्का आणि नेमाचा टेकू : रेंजवर कोणता आधार निवडावा?

पहूर (जि. जळगाव) : रायफल प्रथमच खांद्याला लावणाऱ्या माणसाला नेमापेक्षा धक्क्याची धास्ती अधिक असते. पहिली गोळी सुटते, दस्ता खांद्यावर आदळतो, आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतात. मान आखडते, खांदा पुढे ढकलला जातो आणि निशाणा चुकतो. ही दचक एकदा अंगात भिनली की ती काढण्यास महिने लागतात. म्हणूनच सरावाच्या रेंजवर रायफलला खालून आधार देणारा आणि धक्का कमी करणारा टेकू वापरला जातो. परंतु कोणता टेकू कोणत्या रायफलला, आणि मुळात तो लागतो तरी का, याचा विचार खरेदीपूर्वी क्वचितच होतो.

वाघूर नदीकाठचे पहूर हे जामनेर तालुक्यातील, जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे गाव. या टापूत बंदुकीशी संबंध येतो तो प्रामुख्याने तीन प्रकारे. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेनेत, म्हणजे एनसीसीत, दाखल झालेले विद्यार्थी. पोलीस वा लष्करात भरती होऊन प्रशिक्षण केंद्रात गेलेले तरुण. आणि पीक व स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी. याच जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथे 1964 पासून लहान शस्त्रांच्या काडतुसांचा आयुध निर्माण कारखाना आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. गोळ्या तयार करणाऱ्या या जिल्ह्यात गोळी सुटल्यावर खांद्याचे काय होते, याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

धक्का मोजता येतो

गोळी पुढे जाते तितक्याच जोराने रायफल मागे येते, हा शाळेत शिकवला जाणारा न्यूटनचा नियम. गोळीचे वजन, तिचा वेग, जळालेल्या दारूच्या वायूंचा वेग आणि रायफलचे वजन एवढ्या चार बाबी ठाऊक असल्या की मागे येणाऱ्या रायफलची ऊर्जा कागदावर काढता येते. ही ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. एक किलोचे वजन दहा सेंटीमीटर उंचीवरून पडले की साधारण एक ज्यूल होतो.

या हिशेबाने पाहता, एनसीसीच्या छात्रांच्या हाती असलेल्या पॉइंट टू-टू रायफलचा धक्का एका ज्यूलच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरतो. लष्कराच्या 5.56 मि.मी. इन्सास रायफलचा साडेतीन ते चार ज्यूल. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे 740 मीटर; चार किलोच्या या रायफलचा धक्का सोळा ज्यूलच्या घरात जातो. म्हणजे दीड किलोहून थोडे अधिक वजन एक मीटर उंचीवरून खांद्यावर सोडल्यासारखे. नागरिकांच्या परवान्यावर थ्री-नॉट-थ्री मिळत नाही. त्यांच्यासाठी ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली 315 बोअरची रायफल प्रचलित आहे. तिची गोळी अधिक जड असल्याने धक्का वीस ज्यूलच्या आसपास आहे. आणि शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर टांगलेली बारा बोअरची बंदूक वजनाने हलकी व काडतुसाने भारी असल्यामुळे या सर्वांत वरचढ ठरते : तीस ते पस्तीस ज्यूल.

हे आकडे ढोबळ आहेत. काडतूस बदलले, रायफल अर्धा किलोने जड असली, की ते बदलतात. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. एनसीसीच्या पॉइंट टू-टूसाठी धक्का शोषणारी महाग चौकट विकत घेणे म्हणजे सायकलला ट्रकचे शॉकॲब्सॉर्बर बसवण्यासारखे आहे. त्या रायफलला हवा असतो तो केवळ स्थिर आधार. पॉइंट टू-टूच्या आवाजाने छात्र दचकत असेल, तर त्यावरचा उपाय कानातील बोळे हा आहे.

स्पर्धेत टेकू चालत नाही

नव्या नेमबाजांचा येथे हमखास गोंधळ होतो. ऑलिम्पिक व आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत बाहेरच्या टेकूला परवानगी नाही. दहा मीटर एअर रायफलचा स्पर्धक उभ्याने, स्वतःच्या हाडांच्या आधारावर रायफल तोलतो. पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर व पालथे झोपून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा वापरता येतो. वाळूची पिशवी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकावले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवले. एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली होती. या सर्वांचे यश शरीराच्या ठेवणीवर उभे आहे.

अपवाद दिव्यांगांच्या नेमबाजीचा. हातांच्या व्यंगामुळे रायफलचे वजन पेलता न येणाऱ्या खेळाडूंचा एसएच-2 हा गट असतो. त्यांना स्प्रिंगवर बसवलेला टेकू नियमाने मिळतो, आणि ती स्प्रिंग किती ताठ असावी हेही नियमानेच ठरते. टेकूचा एवढा बारकाईने विचार अन्य कोणत्याही गटात होत नाही. पायांचे व्यंग असलेले खेळाडू एसएच-1 गटात मोडतात व रायफल स्वतःच धरतात. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये चौथे आलेले कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर याच गटातले.

याखेरीज बेंचरेस्ट हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. त्यात टेबलावर पुढे टेकू आणि मागे पिशवी ठेवूनच नेम धरतात आणि गोळ्यांची भोके एकमेकांच्या किती जवळ पडली यावर गुण मिळतात. पहूर-जामनेरच्या विद्यार्थ्याचा ओढा मात्र स्वाभाविकपणे ऑलिम्पिक प्रकारांकडे असतो. त्याच्या दृष्टीने टेकूचे काम तिघांपुरते : दुर्बीण वा माशी जुळवणे, कोणते काडतूस वा छर्रा आपल्या नळीला मानवतो हे तपासणे, आणि पहिल्या काही दिवसांत चाप हळुवार ओढण्याची सवय लावणे. त्यापुढे टेकू सोडावाच लागतो.

वाळूची पिशवी : सर्वांत स्वस्त, बहुधा पुरेशी

टेकूंच्या बाजारात अनेक नावे असली तरी प्रकार मोजके आहेत. पहिला आणि सर्वांत जुना, वाळूची पिशवी. एक मोठी रायफलच्या पुढच्या लाकडाखाली, एक लहान दस्त्याच्या टाचेखाली. मागची पिशवी डाव्या मुठीत दाबली की दस्ता उचलला जातो व नेम खाली येतो; सैल सोडली की नेम वर जातो. मिलिमीटरचा हा खेळ कोणत्याही स्क्रूपेक्षा लवकर हातात बसतो.

पिशवी घरी शिवता येते. जुन्या जीन्स पँटचा पाय दोन्हीकडून शिवून काढला की पुढची पिशवी तयार. कॅनव्हास वा चामडे हवे असल्यास गावातील चर्मकार बंधू ते काम नीट करून देतात. पुढच्या पिशवीस पाच-सहा किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर कोरडी वाळू पुरते. मागचीला दोन किलो. वाळू चाळून, उन्हात खडखडीत वाळवून भरावी. ओलसर वाळूचे ढेकूळ होते आणि पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते. पिशवी ठासून भरू नये; तीन-चतुर्थांश भरली की ती रायफलच्या आकाराप्रमाणे बसते. सरकी, ज्वारी वा तांदूळ भरून पिशवी हलकी होते खरी, पण महिनाभरात उंदीर व मुंग्या तिचा ताबा घेतात. नदीतून वाळू उचलण्यावरून या जिल्ह्यात काय काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. पिशवीपुरती वाळू कोणत्याही बांधकामावर मागून मिळेल.

पॉइंट टू-टू, इन्सास, एवढेच काय, चांगला रबरी पॅड लावलेल्या थ्री-नॉट-थ्रीलाही दहा-पंधरा गोळ्यांच्या सरावापुरती ही जोडी पुरते.

दुसरा प्रकार लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या तिपाईचा. तिच्यावर छोटी पिशवी बसवलेली असते आणि चक्र फिरवून उंची बदलता येते. मागे पुन्हा वाळूची पिशवी लागतेच. वजनदार तिपाई घ्यावी. हलकी असेल तर प्रत्येक गोळीनंतर ती सरकते. नळीखाली घडी होणारे दोन पाय, म्हणजे बायपॉड, सैनिकांच्या कामाचे. टणक फरशीवर ते उडतात आणि गोळ्या वर लागतात. खाली रबरी चटई वा पोते टाकल्यास हा दोष कमी होतो.

वजन घातलेली घसरगाडी

खऱ्या अर्थाने धक्का कमी करणारा टेकू तो हाच. पुढे आधार, मागे दस्ता अडवणारी वाटी, आणि दोहोंना जोडणाऱ्या चौकटीत वजन ठेवण्याची जागा. वजन म्हणून शिशाच्या छर्‍यांच्या वा वाळूच्या पिशव्या ठेवतात. परदेशी बाजारात ‘लीड स्लेड’ या नावाने तो ओळखला जातो.

त्याचे शास्त्र सरळ आहे. रायफल मागे येण्याचा जोर तोच राहतो, पण आता त्याला चार किलोऐवजी चौदा किलो मागे ढकलायचे असतात. थ्री-नॉट-थ्रीचा सोळा ज्यूलचा धक्का दहा किलो वजन घातल्यावर साडेचार ज्यूलवर येतो, म्हणजे इन्साससारखा भासतो. बारा बोअरची बंदूक वा 315 रायफल जुळवताना वीस-पंचवीस काडतुसे उडवायची असतील, किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या, वयस्क परवानाधारकास नेम तपासायचा असेल, तर याहून चांगला उपाय नाही.

पण येथेच विक्रेते न सांगणारी गोष्ट आहे. खांदा मागे सरकतो, म्हणून धक्का काही सेंटीमीटरच्या अंतरात, सावकाश जिरतो. तीस-चाळीस किलो वजनाने जखडलेली चौकट जवळजवळ सरकतच नाही. मग तो जोर क्षणार्धात रायफलच्या लाकडावरच येतो. दस्त्याच्या मानेपाशी, जेथे पोलाद लाकडात बसते, तेथे तडे जाण्याचे प्रकार अशा टेकूंवर घडतात. दुर्बिणीचे पट्टे ढिले होतात, क्वचित दुर्बिणीच्या आतील काचाही हलतात. वाडवडिलांकडून आलेली जुन्या लाकडाची बंदूक असेल तर धोका अधिक. म्हणून चौकटीत जागा आहे म्हणून ती भरू नये. पाच किलोपासून सुरुवात करावी, दहावर थांबावे, आणि गोळीगणिक टेकू बोटभर तरी मागे सरकतो आहे हे पाहावे. टेबलाला साखळीने वा क्लँपने टेकू बांधण्याचा मोह तर पूर्ण टाळावा.

बंदूक साफ करण्यासाठी मिळणारा शिकंजा दिसायला टेकूसारखाच असतो. त्यात घट्ट आवळून गोळी झाडू नये. तो त्यासाठी नव्हेच.

दुसरा तोटा नेमाचा. जड चौकटीवर जुळवलेली रायफल खांद्यावर घेतली की गोळी दुसरीकडे लागते, कारण गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे येण्यास व वर उचलली जाण्यास सुरुवात झालेली असते, आणि ती हालचाल टेकूवर व खांद्यावर सारखी नसते. बारा बोअरची व 315 ची हालचाल मोठी, म्हणून फरकही मोठा. टेकूवर पाच गोळ्यांचा गट पाहावा, माशी जुळवावी, आणि शेवटच्या पाच गोळ्या नेहमीच्या पद्धतीने, हातात धरून झाडून पुन्हा तपासाव्यात. ज्याने हे केले नाही त्याने टेकूची रायफल जुळवली, आपली नव्हे.

एअर रायफलची उलटी चाल

परवान्याच्या कटकटीविना मिळणारी, म्हणून गावात सर्वाधिक दिसणारी बंदूक म्हणजे स्प्रिंगची एअर रायफल. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मि.मी. पर्यंतच्या व 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तिचा धक्का लहान, पण विचित्र असतो. स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते. दट्ट्या शेवटी आदळतो तेव्हा ती पुढे झेपावते. हे दोन्ही छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतच घडते. त्यामुळे कडक टेकूवर वा वजनी चौकटीत ठेवलेली स्प्रिंगची एअर रायफल हमखास इतस्ततः मारते, आणि मालक बिचाऱ्या छर्‍याला दोष देतो.

उपाय साधा आहे. पिशवीवर रायफल न ठेवता पिशवीवर आपला तळहात उताणा ठेवावा आणि त्यावर रायफल अलगद टेकवावी. मूठ आवळू नये. तिला दोन्ही दिशांनी मोकळेपणी हलू द्यावे. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या, स्पर्धेतील एअर रायफलला हा दोष नाही. ती कोणत्याही पिशवीवर निमूट बसते.

खानदेशचे ऊन आणि काळी माती

बाहेरच्या पुस्तकांत न आढळणाऱ्या दोन अडचणी येथे आहेत. मे महिन्यात या भागाचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. लोखंडी तिपाई अर्धा तास उन्हात राहिली की हात लावता येत नाही आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या मऊ पडतात. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या वाफांत निशाणा पाण्यासारखा हलतो. टेकू कितीही पक्का असला तरी गट फाकतो. उन्हाळ्यात रायफल जुळवायची तर सकाळी नऊच्या आत.

दुसरी अडचण काळ्या कपाशीच्या मातीची. ती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. अशा जमिनीवर ठेवलेल्या टेबलाचा एक पाय दर दहा गोळ्यांनी खचतो. खाली शहाबादी फरशी वा काँक्रीटचा चौथरा असावा. तो नसल्यास तीन पायांचे टेबल करून घ्यावे, कारण तीन पाय कोणत्याही उंचसखल जागी डगमगत नाहीत. टेबल इतके उंच असावे की पाठ ताठ ठेवून बसता येईल. वाकून बसणाऱ्याचे शरीर मागे डोलत नाही, आणि सगळा धक्का गळ्याच्या हाडावर येतो. पालथे झोपून झाडणाऱ्यालाही हाच त्रास होतो. दस्ता नेहमी खांद्याच्या खोबणीत, मांसल भागावर बसवावा.

टेकू लाकडाखाली ठेवावा, नळीखाली कधीही नाही. नळी टेकली की तिचे कंपन बदलते आणि गोळी भलतीकडे जाते. पट्टा अडकवण्याची कडी पिशवीला लागत असेल तर पिशवी पुढे सरकवावी. दुर्बीण असल्यास डोळा व काच यांत तीन-चार बोटांचे अंतर राखावे. टेकूवर पुढे झुकून बसण्याची सवय लागते आणि भुवईवर अर्धचंद्राकृती जखम घेऊन परतलेले नेमबाज अनेक आहेत.

खरेदीपूर्वी

पॉइंट टू-टू वा एअर रायफलवाल्याने पिशव्या शिवाव्यात आणि उरलेले पैसे छर्‍यांवर व रेंजच्या शुल्कावर खर्च करावेत. बारा बोअर वा 315 चा परवानाधारक वर्षातून एकदाच नेम तपासत असेल तर त्यानेही आधी दस्त्याला चांगला रबरी पॅड बसवून घ्यावा. धक्का जिरण्याचा कालावधी वाढतो आणि तो पॅड शेतातही सोबत असतो. वारंवार सराव करणाऱ्या मंडळाने, जेथे एक टेकू वीस-पंचवीस जण वापरणार आहेत, वजनी चौकटीचा विचार करावा. तो घेताना दस्त्याच्या वाटीला रबर आहे का, पुढचा टेकू रायफलच्या रुंदीइतका उघडतो का, आणि वजनाविना तो पुरेसा भक्कम आहे का, हे स्वतःची रायफल ठेवून पाहावे. रायफल दुकानात नेता येत नसेल तर निदान तिच्या दस्त्याची लांबी व पुढच्या लाकडाची रुंदी मोजून न्यावी.

टेकू मिळाला म्हणून शेताच्या बांधावर वा वाघूरच्या पात्रात नेम तपासण्यास बसू नये. पॉइंट टू-टूची लहानशी गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि खडकावरून उसळते. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार इतरांचा जीव धोक्यात घालणारा निष्काळजी गोळीबार हा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षांस पात्र गुन्हा आहे. रानडुक्कर वा नीलगाय पिकात शिरली तरी वनखात्याच्या परवानगीविना तिच्यावर गोळी चालवता येत नाही, हेही परवानाधारकांनी ध्यानी ठेवावे. पहूरपासून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे 40 किलोमीटरवर आहे. मान्यताप्राप्त रेंजवरच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मागे मातीचा भक्कम बंधारा असताना ही तपासणी व्हावी.

रेंजवरही टेकूवर ठेवलेली रायफल सुरक्षित समजली जाते, हा जुना गैरसमज आहे. निशाण्याचा कागद आणायला माणूस पुढे जाणार असेल तेव्हा बोल्ट उघडा, चेंबर रिकामे आणि हात रायफलपासून दूर, असा दंडक असतो. पिशवीवर नीट बसलेल्या रायफलची नळी नेमकी त्याच माणसाच्या दिशेने रोखलेली असते.